जादा वेळेत पाय का थांबतात?

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलातील मैदानावर इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला बेंगळुरू एफसी, तर दुसऱ्या बाजूला एफसी गोवा. ठरलेली ९० मिनिटे संपली तरी एकही गोल झाला नव्हता. नियमाप्रमाणे १५-१५ मिनिटांचे आणखी दोन भाग खेळवण्यात आले. त्यातील पहिला भाग संपत आला असताना गोव्याच्या अहमद जाहू या खेळाडूला दुसरे पिवळे कार्ड मिळाले आणि गोव्याचा संघ दहा जणांचा झाला. अखेर ११७व्या मिनिटाला डिमास डेल्गाडोने घेतलेल्या कॉर्नर किकवर बेंगळुरूचा बचावपटू राहुल भेके याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. सामना १-० असा संपला. बेंगळुरूचे हे या स्पर्धेतील पहिलेच विजेतेपद आणि तो गोल करणारा राहुल मुळात मुंबईचाच.

अशा विजयाचे वर्णन करताना ‘जिद्द’ आणि ‘इच्छाशक्ती’ हे शब्द हमखास येतात. ज्यांनी गोल केला त्यांची जिद्द मोठी, ज्यांच्यावर झाला त्यांची कमी पडली, असा हिशेब आपण सहज मांडतो. शाळेच्या मैदानावरही हेच घडते. अंधेरीपासून लोहमार्गाने सुमारे १०० किलोमीटरवर डहाणू आहे. तेथून पुढे तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळा आणि आश्रमशाळा आहेत. तेथील कोणत्याही मैदानावर सामना लांबला, एखादा मुलगा शेवटच्या पाच मिनिटांत चालू लागला, की कडेने आवाज येतो, “अरे, पळ! दम नाही का तुझ्यात?” बहुतेक वेळा हा आवाज आपल्याच, म्हणजे शिक्षकांच्या गळ्यातून निघतो.

त्या मुलाच्या शरीरात त्या क्षणी काय चाललेले असते, ते या लेखात पाहू. हे समजले तर आपला प्रश्न बदलेल आणि कदाचित आपल्या स्पर्धेचे नियमही बदलतील.

पहिला हिशेब : इंधनाचा

मोठ्या स्पर्धेत मैदानावरचा खेळाडू ९० मिनिटांत साधारण १० ते ११ किलोमीटर अंतर तोडतो. गोलरक्षक अर्थातच यात धरलेला नाही. यातले बरेचसे अंतर चालण्याचे व संथ धावण्याचे असते. जीव तोडून मारलेल्या धावा एकूण अंतराचा लहानसा भाग असतात, पण सामन्याचा निकाल बहुधा त्याच ठरवतात.

या दोन प्रकारच्या हालचालींना वेगवेगळे इंधन लागते. संथ हालचालीसाठी स्नायू मुख्यतः चरबी वापरू शकतात आणि चरबीचा साठा सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो. वारली वस्तीवर रात्रभर तारप्याच्या तालावर नाचणारी मंडळी आपण पाहिली असतील. त्यांची लय तासन्‌तास चालते, कारण बराचसा खर्च या मोठ्या साठ्यातून भागतो. पण चरबीपासून ऊर्जा मिळण्याचा वेग कमी असतो. वेगाने धावताना, उडी मारताना, झटकन वळताना स्नायूंना ऊर्जा ताबडतोब हवी असते. ती मिळते ग्लायकोजनपासून. बटाट्यात किंवा भातात जसा स्टार्च, तसे आपल्या शरीरात ग्लायकोजन. ग्लुकोजचे असंख्य रेणू एकमेकांना जोडून ते बनते.

प्रौढ माणसाच्या सर्व स्नायूंत मिळून साधारण ३०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजन असते, तर यकृतात सुमारे १०० ग्रॅम. यकृतातले ग्लायकोजन गरजेप्रमाणे ग्लुकोज होऊन रक्तात उतरते आणि मेंदूसह सर्वांना मिळते. स्नायूंचे तसे नाही. ग्लुकोज रक्तात सोडण्यासाठी लागणारे एक विकर स्नायूपेशींत नसते. म्हणून ज्या स्नायूचा साठा, तो त्यालाच वापरावा लागतो. दंडात शिल्लक असलेले ग्लायकोजन पोटरीला उसने देता येत नाही!

२००६ साली डेन्मार्कमधील संशोधक पीटर क्रुस्ट्रप व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळाडूंच्या मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे सामन्याआधी व सामन्यानंतर तपासले. सामना संपल्यावर स्नायूत एकूण ग्लायकोजन बऱ्यापैकी शिल्लक होते. पण एकेक तंतू पाहिला तेव्हा निम्म्याच्या आसपास तंतू पूर्ण किंवा जवळजवळ रिकामे झालेले आढळले. वर्गात ४० मुले आहेत आणि त्यातली २० अचानक निघून गेली, तर उरलेली २० कितीही हुशार असली तरी समूहगीताचा आवाज निम्माच येणार. रिकाम्या तंतूंच्या स्नायूचेही तसेच होते. संथ धावणे जमते, पण वेगाची धाव जमत नाही.

ही अवस्था ९० मिनिटांनंतरची. त्यापुढे ३० मिनिटे म्हणजे मूळ सामन्याच्या एकतृतीयांश खेळ आणखी. अंधेरीच्या सामन्यात गोव्याच्या वाट्याला आणखी एक भार आला. गोलरक्षक वगळता दहा जणांनी राखायचे मैदान नऊ जणांना राखावे लागले, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याचे मैदान सुमारे ११ टक्क्यांनी वाढले. आणि गोल झाला तो कॉर्नर किकवर. तेथे चेंडू थांबलेला असतो आणि लांब धाव कोणालाच लागत नाही. एक अचूक किक, योग्य जागा आणि एक उडी एवढ्यावर काम भागते. दमलेल्या संघांच्या सामन्यात अशा थांबलेल्या चेंडूचे मोल का वाढते, ते यावरून लक्षात येईल. राहुल भेकेच्या कौशल्याचे श्रेय यात कमी होत नाही. ११७व्या मिनिटाला अचूक वेळी उडी मारणे किती अवघड असते, ते उलट अधिक नीट कळते.

दुसरा हिशेब : उष्णतेचा आणि पाण्याचा

आता एक सोपे गणित करू. आठवी-नववीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल असे आहे.

एक किलोमीटर धावायला शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे १ किलोकॅलरी खर्च होते. ६० किलोग्रॅमचा खेळाडू १२० मिनिटांत १३ किलोमीटर धावला, तर ७८० किलोकॅलरी झाल्या. थांबणे, वळणे, उड्या मारणे हे धरले तर खर्च हजाराच्या पुढे सहज जातो. या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग स्नायूंच्या कामात येतो, बाकीची उष्णता होते. आपण १००० किलोकॅलरी उष्णता धरू. शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरली, तर ६० किलोग्रॅमच्या शरीराचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर शरीराचे तापमान २० अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात ३७ अंशांचे ४० झाले तरी जिवाला धोका निर्माण होतो.

आपण वाचतो ते घामामुळे. १ लिटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाले तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दोन लिटरांपेक्षा कमी घामात आपला हिशेब मिटतो. पण ‘बाष्पीभवन झाले तर’ ही अट महत्त्वाची आहे. टपटप गळून जमिनीवर पडलेला घाम शरीराला जवळजवळ काहीच थंडावा देत नाही, पाणी मात्र घेऊन जातो.

समुद्रकाठच्या हवेत बाष्प भरपूर असते आणि घाम वाळत नाही. डहाणूच्या किनाऱ्यालगत दुपारी खेळणाऱ्या मुलाचा सदरा ओलाचिंब होतो तो यामुळे. तलासरीच्या आतल्या भागात कोरड्या दिवसात घाम लवकर वाळतो. सदरा कोरडा दिसतो आणि किती पाणी गेले याचा अंदाजच येत नाही. दोन्हीकडे फसगत आहे, फक्त वेगवेगळ्या तऱ्हेची.

शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांएवढे पाणी कमी झाले की कामगिरी घसरू लागते. ४० किलोग्रॅमच्या मुलासाठी हा आकडा ८०० ग्रॅम, म्हणजे तीन-चार पेले पाणी. रक्तातले पाणी कमी झाले की तेच रक्त स्नायूंकडे न्यायचे की थंड होण्यासाठी त्वचेकडे, अशी ओढाताण सुरू होते आणि हृदयाचे ठोके वाढतात.

लहान मुले उष्णता सोसण्यात मोठ्यांपेक्षा फारच कमकुवत असतात असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्ये हे मत सुधारले. पुरेसे पाणी, पुरेशी विश्रांती आणि हवेची सवय असेल, तर निरोगी मुले उष्णतेत बरीच चांगली टिकतात. उलट पाहिले, तर उष्णतेमुळे मुलांना होणारा अपाय बहुतेक वेळा टाळता येण्याजोगा असतो आणि तो टाळणे मोठ्यांच्या हातात असते.

मग जिद्दीचे काय?

जिद्द खोटी नाही. थकवा फक्त स्नायूंत येत नाही, मेंदूही त्यात भाग घेतो. शरीर तापू लागले, रक्तातील ग्लुकोज कमी झाले, की मेंदू स्नायूंना जाणारे संदेश कमी करतो, जणू ब्रेक दाबतो. हा ब्रेक नेमका कसा चालतो याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, पण तो आहे याबद्दल फारसे दुमत नाही. प्रेक्षकांचा जल्लोष, संघाचा मान, गुरुजींची हाक यांनी तो काही काळ सैल होतो. आपण ज्याला जिद्द म्हणतो तिचा बराचसा भाग इथे आहे.

पण जिद्दीने ब्रेक सैल होतो, टाकीत इंधन वाढत नाही आणि उष्णताही कमी होत नाही. म्हणून धोक्याच्या बाबतीत आपला नेहमीचा अंदाज उलटा ठरतो. जो मुलगा दमल्यावर चालू लागतो, तो त्या वेळी सुरक्षित असतो. ज्याला थांबायला लाज वाटते, जो बाहेरून येणाऱ्या हाकेखातर धावत राहतो, त्याच्यावर आपली नजर असायला हवी.

हे सांगण्याचे आपल्या भागात आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत, पालघर जिल्ह्यासह, सिकलसेलचे जनुक आढळते. आई व वडील दोघांकडूनही ते आले तर आजार होतो. एकाकडून आले तर व्यक्ती केवळ वाहक असते. वाहक मुले एरवी पूर्ण निरोगी असतात, उत्तम खेळतात, आणि ती वाहक आहेत हे त्यांना माहीतही नसू शकते. पण उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, न थांबता जोराचे श्रम झाले, तर त्यांच्या काही तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवू शकतात. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा प्राणावर बेतू शकते. अमेरिकी सैन्यातील नव्या जवानांच्या १९८७ मधील पाहणीत वाहकांमध्ये श्रमाच्या वेळी अकस्मात मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले होते. पुढे त्या सैन्यात सर्वांसाठीच पाणी, विश्रांती व हळूहळू सराव वाढवणे यांचे नियम आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत वाहकांचा मृत्यूचा वाढीव धोका दिसला नाही. स्नायूंना इजा होण्याचा धोका मात्र काहीसा जास्तच होता.

यातून धडा घ्यायचा तो सरळ आहे. कोणत्याही मुलाला ‘वाहक’ म्हणून खेळातून बाजूला काढू नये. त्याची गरजही नाही आणि ते अन्यायाचे आहे. जी काळजी वाहकाला वाचवते तीच सर्वांना उपयोगी पडते, म्हणून ती सर्वांसाठीच घ्यावी. रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी सरकारी आरोग्य यंत्रणेत होते आणि गरज पडल्यास पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करतात. पालकांना तिची माहिती द्यावी. निष्कर्ष मात्र त्या कुटुंबाचा खाजगी विषय आहे. ज्या मुलाला सिकलसेलचा आजारच आहे, त्याने किती खेळावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

वर्गाबरोबर करून पाहण्यासारखे

हे प्रयोग सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर करावेत. पाणी पिण्यास कधीही मनाई करू नये.

१. खेळाआधी व खेळानंतर घाम पुसून, हलक्या कपड्यांत मुलांचे वजन करा. मध्ये प्यालेले पाणी मोजून ठेवा. कमी झालेले वजन अधिक प्यालेले पाणी म्हणजे गेलेला घाम. तो वजनाच्या किती टक्के, हे मुलांनी काढावे. वजनाचे आकडे मोठ्याने वाचू नका. प्रत्येकाने आपापली टक्केवारी सांगावी.

२. खेळापूर्वी, २० मिनिटांनंतर आणि ४० मिनिटांनंतर ३० मीटर धावण्याची वेळ घ्या. हाताने घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक सहज होते, म्हणून एकाच्या वेळेपेक्षा गटाची सरासरी घ्या. आलेख काढा. ‘दम संपला’ म्हणजे काय, ते कागदावर दिसेल.

३. दोन सारखे तापमापक सावलीत टांगा. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळा. दोन्हींच्या वाचनांतला फरक जितका कमी, तितका घाम वाळणे अवघड. डहाणूच्या किनाऱ्यावरची एक शाळा आणि तलासरीतली एक शाळा यांनी एकाच दिवशी, एकाच वेळी नोंदी घेऊन त्या एकमेकींना कळवल्या, तर भूगोलाचा एक चांगला पाठ तयार होईल. डहाणूला हवामान खात्याची वेधशाळाही आहे; तेथील आकड्यांशी आपल्या नोंदी ताडून पाहता येतील.

मैदानावर काय करावे?

खाण्यापासून सुरुवात करू. रात्रभरच्या उपवासाने यकृतातील साठा बराच उतरलेला असतो. त्यामुळे सकाळी काही न खाता आलेले मूल सामना सुरू होण्याआधीच तोट्यात असते. सामन्याच्या दोन-तीन तास आधी भात, तांदळाची किंवा नागलीची भाकरी यांसारखे साधे जेवण पुरते. मीठ घातलेली पेज तर इंधन, पाणी आणि क्षार एकाच वाटीत देते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात याहून सोयीचे खाणे शोधून सापडणार नाही. बाटलीबंद पेयांची काहीच आवश्यकता नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे मिश्रण आपल्याला पाठ असतेच. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ त्याहून जास्त घालू नये.

नंतर विश्रांती. २०१४च्या ब्राझीलमधील विश्वचषकात जगातल्या सर्वांत तंदुरुस्त खेळाडूंसाठीसुद्धा उष्णतेमुळे सामना मध्येच थांबवून पाणी देण्यात आले होते. २०१८च्या विश्वचषकात जादा वेळेसाठी चौथा बदली खेळाडू घेण्याची मुभा देण्यात आली. मोठ्यांच्या खेळाने हे मान्य केले असेल, तर शाळेच्या स्पर्धेत दर १५ मिनिटांनी सावलीतली पाण्याची सुट्टी हा कमकुवतपणा कसा ठरेल?

आणि नियम. फुटबॉलच्या नियमावलीत सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ दिलाच पाहिजे असे नाही. थेट पेनल्टी किकवर निकाल लावण्याची तरतूद स्पर्धेचे आयोजक करू शकतात. लहान वयाच्या खेळाडूंसाठी सामन्याचा कालावधी कमी करण्याची आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याचीही मुभा आहे. एकाच दिवशी दोन सामने खेळून अंतिम फेरीत आलेल्या मुलांना भर दुपारी जादा वेळ खेळवणे हा निर्णय आपला असतो, नियमांचा नव्हे. स्पर्धेच्या पत्रकावर आधीच लिहून ठेवावे : अंतिम सामना सकाळी किंवा संध्याकाळी, बरोबरी झाल्यास थेट पेनल्टी.

शेवटी धोक्याच्या खुणा. मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले, कोसळले किंवा पायांत ताकद उरली नाही असे म्हणू लागले, तर खेळ तत्काळ थांबवा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करा. गाडी येईपर्यंत थंड करणे थांबवू नका. शुद्ध हरपलेली असल्यास तोंडातून पाणी देऊ नका. पायात गोळा आला असेल तर तो स्नायू हलके ताणून विश्रांती द्यावी. पण स्नायू आखडलेला नसताना खूप दुखत असेल किंवा अशक्तपणा वाटत असेल, तर ते केवळ थकणे समजू नये.

अंधेरीच्या मैदानावर त्या संध्याकाळी दोन्ही संघांकडे प्रशिक्षक होते, वैद्यकीय पथक होते, बदली खेळाडू होते. आपल्या मैदानावर ही सारी कामे बहुधा एकच व्यक्ती करते आणि शिट्टीही तिच्याच हातात असते. मूल चालू लागले की “दम नाही का?” असे ओरडण्याऐवजी तिने “सकाळी काय खाल्लेस? पाणी किती प्यायलास?” एवढे दोन प्रश्न विचारले, तरी या लेखातले अर्धे विज्ञान मैदानावर पोहोचले असे म्हणता येईल.